रेशनचा तांदूळ अर्धाच आला, तर जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्याच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात सलग दोन महिने रेशनचा तांदूळ अर्धाच मिळाला. दुकानदार म्हणतो, वरून कोटाच कमी आला. तालुक्याच्या कार्यालयात सांगतात, आम्ही मागणी पाठवली आहे, वरच्यांना विचारा. वरच्यांचा फोन लागत नाही. प्रश्नकर्त्याने शेवटी वैतागून विचारलं आहे: या टंचाईला जबाबदार असलेला अधिकारी शोधायचा कसा, आणि त्याच्यावर गुन्हा दाखल करता येतो का?

मी नागरी पुरवठ्याच्या कामात कारकून म्हणून लागलो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. हा प्रश्न मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसून कित्येकदा ऐकला आहे, म्हणून उत्तरही आतल्या बाजूनेच देतो.

आधी प्रश्नच थोडा बदलून घेऊ. ‘टंचाईला जबाबदार कोण’ असं विचारलंत तर हाती काही लागणार नाही. रेल्वेची रॅक उशिरा लागली, डेपोत हमाल कमी होते, वाहतूकदाराचं बिल अडकलं होतं, पाऊस धो धो होता. प्रत्येकाकडे कारण असतं आणि त्यातली बरीचशी खरीही असतात. विचारायचं ते असं, की माल कमी पडणार हे कोणाला कोणत्या तारखेला कळलं, आणि कळल्यावर त्याने कागदावर काय केलं? माल न येणं हा दरवेळी कोणाचा अपराध नसतो. येणार नाही हे ठाऊक असून फाईल पुढे न सरकवणं हा कर्तव्यातला कसूर आहे आणि तो कागदावरून दाखवता येतो. माझं पुढचं सगळं सांगणं या एका मुद्द्याभोवतीच आहे.

गुन्ह्याचं आधी सांगून टाकतो, कारण बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ सालचा. त्यातलं सातवं कलम तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंतच्या कैदेचं आहे, पण ते लागतं सरकारी नियंत्रण आदेश मोडणाऱ्याला, म्हणजे साठेबाज, काळाबाजारवाले, कोटा बाहेर विकणारे. १९८०चा काळाबाजार प्रतिबंधक कायदा सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करायची मुभा देतो, त्याचा रोखही तोच. अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी. १९५५च्याच कायद्यातल्या पंधराव्या कलमाने सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण आहे, आणि पंधरा-अ कलमानुसार कर्तव्य बजावताना घडलेल्या गुन्ह्यासाठी लोकसेवकावर खटला चालवायचा तर सरकारची पूर्वपरवानगी लागते. त्यातही एक मेख आहे, ती पुष्कळ वकिलांच्याही ध्यानात नसते. केंद्रीय कायद्यांना लागू असलेल्या सर्वसाधारण परिभाषा कायद्यात ‘सद्भावना’ची व्याख्या अशी आहे की काम प्रामाणिकपणे केलं असेल तर ते निष्काळजीपणाने केलं तरी सद्भावनेनेच केलं असं धरायचं. म्हणजे निव्वळ ढिलाईवर फौजदारी उभी करायला गेलात तर समोरचा अधिकारी ‘ढिला होतो, पण लबाड नव्हतो’ एवढं म्हणूनही सुटू शकतो.

माल वळवण्यात तो स्वतःच सामील असेल, तर मात्र प्रकरणच वेगळं. २०२२च्या नोव्हेंबरात क्राईम ब्रँचने फोंडा परिसरात छापे घालून रेशनचा तांदूळ आणि गहू पकडला होता, ते आठवत असेल. तसा संशय असेल तर पुरवठा खात्याचे उंबरे झिजवू नका. पोलीस आणि दक्षता खात्याकडे जा, आणि गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण यांसह जा. जीवनावश्यक वस्तू कायद्याच्या अकराव्या कलमाप्रमाणे बाधित व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही न्यायालयापुढे लेखी तक्रार ठेवू शकते, फक्त सरकारी अधिकारीच नव्हे. तुमच्या वर्णनावरून तुमचं प्रकरण त्यातलं वाटत नाही, निदान अजून तरी.

आता पोतं कुठे थांबलं ते शोधू. गोव्यात रेशनसाठी धान्य पिकत नाही म्हटलं तरी चालेल; ते बाहेरून येतं. केंद्र महिन्याचं नियतन देतं, म्हणजे राज्याच्या वाट्याचा आकडा ठरवतं. धान्य भारतीय अन्न महामंडळाच्या वास्कोतल्या डेपोत असतं. राज्याने ते उचलायचं, साधारणपणे ज्या महिन्याचं त्याच्या आधीच्याच महिन्यात. तिथून वाहतूकदाराच्या ट्रकने सरकारी गोदामात आणि गोदामातून दुकानाच्या दारात. ‘दुकानाच्या दारात’ हे माझे शब्द नव्हेत. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ याच्या चोविसाव्या कलमाने डेपोतून माल उचलून दुकानापर्यंत पोचवणं आणि तो लाभार्थ्याला प्रत्यक्ष मिळेल हे पाहणं राज्य सरकारवर टाकलं आहे. म्हणून ‘दुकानदाराने उचल केली नाही’ हे कार्यालयाचं उत्तर मला कधीच पटलेलं नाही. त्याने उचल केली नाही हे तुम्हाला कळलं कधी आणि तुम्ही काय केलंत, हा पुढचा प्रश्न उभाच राहतो.

या प्रवासात प्रत्येक ठिकाणी एक कागद तयार होतो. नियतनाचं पत्र, पैसे भरल्याची नोंद, डेपोतून माल सोडल्याचा आदेश, ट्रकचा गेटपास, गोदामाची साठा नोंदवही, दुकानदाराची पोच, आणि शेवटी तुमचा अंगठा घेणारं ई-पॉस यंत्र. पोतं जिथे थांबतं तिथल्या कागदावर तारखेची फट दिसते. गेटपास पाच तारखेचा आणि गोदामातली आवक एकोणीस तारखेची असेल, तर मधले चौदा दिवस कोणाचे, एवढंच विचारायचं उरतं.

एका तालुक्यात असं झालं होतं. तालुका सांगत नाही. पावसाचे दिवस, दुकानांत तांदूळ नाही आणि गावात सगळा राग दुकानदारावर. त्याच्या दारात लोक जमले, शिवीगाळ झाली. प्रत्यक्षात वाहतूकदाराने ट्रक पाठवणंच थांबवलं होतं, कारण त्याचं मागचं बिल एका टेबलावर पडून होतं. बिलात आकड्यांची किरकोळ तफावत होती, खुलासा मागायचा होता, आणि तो मागायला कोणाला सवड झाली नव्हती. हे बाहेर आलं ते एका निवृत्त शिक्षकामुळे. मास्तर ओरडले नाहीत. ते आले, नम्रपणे बसले आणि म्हणाले, "मला आवक नोंदवहीचं या महिन्याचं पान बघायचंय, आणि वाहतूकदाराला लिहिलेलं शेवटचं पत्र." पत्र नव्हतंच. दुसऱ्या दिवशी ते लिहिलं गेलं, आणि त्या आठवड्यात ट्रक आला. टेबलावरच्या माणसाला वाईट ठरवण्यासाठी हे सांगत नाही. त्याच्याकडे दोन माणसांचं काम होतं. पण आजवर त्याला कोणी तारीख विचारली नव्हती.

तुमच्या गावात पोतं कुठे थांबलंय याचा अंदाज कार्यालयात न जाताही बांधता येतो. गावातल्या सगळ्याच कार्डांना सारखाच अर्धा तांदूळ मिळत असेल, तर कमतरता बहुधा दुकानाच्या वर आहे. काहींना पूर्ण आणि काहींना अर्धा, तर दुकानातच बघा. शेजारच्या दोन गावांच्या दुकानांत पूर्ण मिळत असेल, तर नियतन कमी आल्याचं कारण टिकत नाही. तुमच्या दुकानाच्या वाटपात किंवा गोदाम ते दुकान या टप्प्यात घोळ आहे. यातलं काहीही पुरावा नव्हे, पण पहिलं पत्र कोणाच्या नावे लिहायचं ते यावरून ठरतं.

आणि यंत्राची पावती. ती मागाच. पावतीवर पूर्ण वजन छापलेलं आणि पिशवीत निम्मं, म्हणजे सरकारी हिशेबात तुम्हाला सगळं धान्य मिळालेलं आहे; मग टंचाईची तक्रार कोणी ऐकून घेणार नाही. जेवढं मिळालं तेवढ्यालाच अंगठा द्या. दुकानदार "बाकी पुढच्या महिन्यात देतो" म्हणाला, तर ते वाक्य त्याच्याकडून तारखेसह लिहून घ्या. तो सहसा लिहून देत नाही. मग तुमच्या अर्जात लिहा की मागितलं आणि त्याने नकार दिला. त्या पावतीची शाई उन्हाने नि घामाने महिन्याभरात पुसट होते, तेव्हा घरी पोचायच्या आधीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. तुमचं कार्ड कोणतं ते प्रश्नात नाही, आणि उत्तराचा अर्धा भाग त्यावरच ठरतो. अंत्योदय असेल तर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंब असेल तर माणशी ५ किलो, हा कायद्याने दिलेला हक्क आहे. १ जानेवारी २०२३पासून ते धान्य मोफत आहे. हक्काचं धान्य पुरवता आलं नाही तर राज्याने अन्नसुरक्षा भत्ता द्यावा असं अन्नसुरक्षा कायद्याचं आठवं कलम सांगतं, आणि त्याचे नियम २०१५मध्ये आले. न मिळालेल्या धान्याच्या आधारभूत किमतीच्या सव्वापटीवर तो भत्ता मोजतात. रक्कम फार होत नाही. पण भत्त्याचा दावा दाखल झाला की कमतरता खात्याच्या खर्चाच्या बाजूला जाते आणि लेखा विभाग विचारू लागतो की ही वेळ आली कशी. माझ्या टेबलावर असा एकही अर्ज कधी आला नाही. लोकांना माहीत नव्हतं, आणि आम्हीही फलकावर लिहून लावलं नव्हतं. एक अट मात्र लक्षात ठेवा: त्या महिन्यात तुम्ही दुकानात जाऊन धान्य मागितलेलं असलं पाहिजे. घरी बसून ‘आलं नाही’ म्हटलेलं चालत नाही.

सरकारकडे एक पळवाट आहे, ती आधीच सांगून ठेवतो. त्याच कायद्याच्या चव्वेचाळिसाव्या कलमात युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप अशा आपत्तींनी नियमित पुरवठा खंडित झाला तर सवलत आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे उत्तर हमखास येतं: "साहेब, पाऊस." गोव्यात पाऊस दरवर्षी येतो हे पुरवठा खात्याला नवीन नाही. चोर्लाच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला असेल तर तो कोणत्या तारखेला बंद झाला आणि कधी सुरू झाला हे सांगता येतं, आणि वास्कोहून तुमच्या तालुक्याला येणारा ट्रक त्या घाटातून येतच नाही हेही सांगता येतं. तेव्हा नुसता ‘पाऊस’ ऐकून परत येऊ नका. कोणता रस्ता, कोणते दिवस, हे लेखी मागा.

पहिला अर्ज साधा असू द्या. मामलेदारांच्या नावे, एक पान. पहिल्या परिच्छेदात कार्ड क्रमांक, दुकान, महिना, किती मिळायला हवं होतं, किती मिळालं. दुसऱ्यात तीनच प्रश्न: आमच्या दुकानासाठी या महिन्यात किती धान्य मंजूर झालं, त्यातलं किती कोणत्या तारखेला दुकानात पोचलं, आणि उरलेलं कधी पोचणार. शेवटी भत्त्याची मागणी. ‘भ्रष्ट’, ‘झोपलेलं प्रशासन’ असले शब्द नकोत. ते वाचून अधिकारी चिडतो आणि त्याच्या वरचा त्याची बाजू घेतो. अर्ज इनवर्डला द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. "ठेवून जा, साहेब बघतील" हे वाक्य मीही वापरलेलं आहे. त्या शिक्क्याच्या क्षणापासून ‘आम्हाला कळवलंच नाही’ हा बचाव संपतो. १९६७ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा, पण नोंदणी क्रमांक मिळाला तरच तिचा उपयोग.

मुख्यमंत्री, मंत्री, सचिव, संचालक, जिल्हाधिकारी आणि आमदार या सगळ्यांना एकाच पत्राच्या प्रती पाठवायची पद्धत आहे. त्यातून काय होतं ते आतून बघितलंय: सहाही प्रती ‘अहवाल सादर करावा’ असा शेरा घेऊन त्याच निरीक्षकाच्या टेबलावर येतात, आणि तो सहा ठिकाणी एकच उत्तर टाईप करतो. त्यात त्याचा धान्याच्या कामाचा एक दिवस जातो.

कागद बघायला दरवेळी माहितीचा अधिकार वापरायला हवा असंही नाही. अन्नसुरक्षा कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने वितरण व्यवस्थेचे सगळे अभिलेख लोकांसमोर ठेवायचे आणि पाहणीसाठी खुले ठेवायचे आहेत. तेव्हा आधी त्या कलमाचा उल्लेख करून पाहणी मागा. नाही म्हणाले तर माहिती अधिकार आहेच: तीस दिवस, मग पहिलं अपील, मग राज्य माहिती आयोग. अर्जात ‘धान्य कमी का आलं?’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर कागदात नसतं, म्हणून माहिती अधिकारी ते सहज नाकारतो. अमुक महिन्याचं नियतन पत्र, डेपोतून उचल केल्याच्या तारखा, गोदामाच्या साठा नोंदवहीची पानं, आणि कमतरतेबद्दल वरच्या कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार टिपण्यांसह, असं मागा. सगळ्यात मोलाच्या त्या टिपण्या. फाईलच्या टिपणी भागात कोणी काय लिहिलं, कोणी नुसती सही करून पुढे ढकललं आणि फाईल कोणाकडे किती दिवस राहिली, हे सगळं दिसतं. माहिती विनाकारण अडवली तर दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड त्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जातो. सरकारी नोकराला वैयक्तिक दंडाची किती धास्ती असते हे बाहेरच्यांना ठाऊक नाही. रकमेपेक्षा सेवापुस्तकात काय येईल याची भीती जास्त.

अर्जाला उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि धान्य आलं नाही, तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी. हे पद अन्नसुरक्षा कायद्याच्या पंधराव्या कलमाखालचं. जिल्ह्यात ही जबाबदारी कोणाकडे दिली आहे ते खात्याकडूनच लेखी विचारून घ्या. त्यांच्या निर्णयाविरुद्ध राज्य अन्न आयोगाकडे अपील. इथे अधिकाऱ्याच्या वैयक्तिक जबाबदारीचं एक कलम आहे, तेहतिसावं. जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याने सुचवलेला दिलासा योग्य कारणाशिवाय दिला नाही, किंवा शिफारस जाणूनबुजून डावलली असं आयोगाला आढळलं, तर त्या लोकसेवकाला ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात त्याचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. शिक्षा टंचाई झाल्याबद्दल नाही, सांगूनही न केल्याबद्दल आहे हे बघा. म्हणून आधीच्या पायऱ्या गाळून थेट आयोगाकडे गेलात तर दंडाचा प्रश्नच येत नाही. अजून कोणी कोणाला काही सांगितलेलंच नसतं.

खातेनिहाय कारवाईचा मार्ग फौजदारीपेक्षा सोपा आहे, आणि तिथे ‘सद्भावना’ची ढाल तितकीशी चालत नाही. राज्याच्या कर्मचाऱ्यांना लागू असलेले केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम १९६४चे. त्यातल्या तिसऱ्या नियमात कर्तव्यनिष्ठा आहे, आणि दिलेलं काम ठरल्या वेळेत करण्यात वारंवार चूक होणं म्हणजे कर्तव्यनिष्ठेचा अभाव, असंही म्हटलं आहे. त्याच नियमात वरिष्ठाचे आदेश शक्यतो लेखी असावेत, तोंडी दिले तर मागाहून लेखी कायम करावेत असंही आहे. हे खालच्या माणसाच्या संरक्षणासाठी आहे आणि त्याचा वापर फार कमी होतो. ‘वरून फोन आला होता, अमुक दुकानाला आधी द्या’ असं कोणी तुम्हाला खाजगीत सांगितलं, तर फोन कोणाचा ते विचारत बसू नका. तो आदेश फाईलवर आहे का, एवढंच पाहा. नसेल तर मग सही ज्याची, जबाबदारीही त्याचीच.

इथे मी माझ्या जातभाईंची थोडी बाजू घेणार. ज्या निरीक्षकाने वीस तारखेला लिहून कळवलं की पुढच्या महिन्याला एवढे क्विंटल कमी पडतील, त्याने आपलं काम केलं. माल आला नाही तरी तो दोषी नाही. तुमच्या तक्रारीने सगळ्यात आधी तोच भरडला जाणार असेल, तर पुढच्या वेळी तोही लिहायचा थांबेल. माझ्या पहिल्या साहेबांचा एक दंडक होता: साठा कमी दिसला की त्याच दिवशी टिपणी, मग वरच्याला आवडो न आवडो. तेव्हा मला तो त्रासदायक वाटायचा.

टिपणी वेळेवर न गेल्याने काय होतं याचं गोव्यातलं उदाहरण टंचाईचं नाही, उलटं आहे. महामारीच्या काळात वाटण्यासाठी घेतलेली तूरडाळ, सुमारे २४० टन, सरकारी गोदामांत पडून खराब झाल्याचं २०२२च्या ऑगस्टमध्ये उघड झालं. सगळीकडे एकच ओरड, डाळ कुजवली कोणी? डाळ कोणी एका दिवशी कुजवत नाही. उचल होत नाहीये, मुदत जवळ येते आहे, हे गोदामाच्या नोंदवहीत महिनोन्महिने दिसत असतं. ते दिसल्यावर कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, आणि त्या वरच्याने शेरा काय मारला, एवढ्यावर चौकशी बेतली तर ती कुठेतरी पोचते. नाहीतर सगळ्यांची थोडी थोडी चूक ठरते आणि ती शेवटी कोणाचीच राहत नाही.

आणि मे २०२१, कोरोनाची दुसरी लाट. त्या महिन्याबद्दल लिहिताना अजूनही हात अडखळतो. बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, ११ मे रोजी पहाटे दोन ते सहा या वेळेत २६ रुग्ण दगावले, हे आरोग्यमंत्र्यांनीच सांगितलं होतं. पुढचे काही दिवसही पहाटेचे मृत्यू होत राहिले. ऑक्सिजन राज्यात पुरेसा आहे, असं एकीकडे सांगितलं जात होतं. पण निवासी डॉक्टरांच्या संघटनेने पुरवठा मधेच तुटतो हे आधीच लेखी कळवलेलं होतं, आणि वकिलांची संघटना नि नागरिक याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे गेले होते. खंडपीठाने ‘साठा पुरेसा आहे’ या आकड्यावर समाधान मानलं नाही. खाटेपर्यंत तो पोचतो का हे विचारलं, आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू होऊ नयेत यासाठी आदेश दिले. तुमच्या तांदळाला हीच कसोटी लावा. राज्यात किती साठा आहे हे उत्तर नव्हे. तुमच्या दुकानाच्या दारात कोणत्या तारखेला पोचला ते उत्तर. जीव जाण्याचाच प्रश्न असेल तर वर सांगितलेल्या पायऱ्या चढत बसू नका. माहिती अधिकारातही जीविताशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते, आणि उच्च न्यायालयाचं दार थेट ठोठावता येतं.

लोकायुक्तांबद्दलही कोणीतरी सुचवेलच, म्हणून दोन ओळी. गैरव्यवहाराचा ठोस पुरावा असेल तर जा, पण शिफारशीवर भिस्त ठेवू नका. निवृत्त न्यायमूर्ती प्रफुल्लकुमार मिश्रा सप्टेंबर २०२०मध्ये गोव्याच्या लोकायुक्तपदावरून उतरले तेव्हा त्यांनी जाहीरपणेच सांगितलं होतं की आपल्या अहवालांवर सरकारने कारवाई केली नाही.

त्यापेक्षा गोव्यात एक गोष्ट जास्त चालते आणि ती फुकट आहे: विधानसभेतला प्रश्न, आमच्या कार्यालयीन भाषेत एलएक्यू. चाळीसच आमदार, मतदारसंघ छोटे. तुमचा आमदार तुम्हाला नावाने ओळखत असण्याची शक्यता बरीच. त्याच्याकडे ‘तांदूळ मिळवून द्या’ म्हणून गेलात तर तो एक फोन करील आणि तुमच्या दुकानाला चार पोती येतील, दुसऱ्या कोणाच्या तरी कमी करून. त्यापेक्षा त्याला एका कागदावर प्रश्न लिहून द्या: गेल्या सहा महिन्यांत तालुक्यातल्या प्रत्येक दुकानाला मंजूर किती, पोचलं किती, कोणत्या तारखेला. एलएक्यू आला की खात्यात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, कारण सभागृहात चुकीची माहिती गेली तर निभत नाही. आमदार विरोधी पक्षाचा असेल तर उत्तमच. सत्ताधारी असेल तर लेखी उत्तराचा अतारांकित प्रश्न टाकायला सांगा, त्याला त्यात अवघडल्यासारखं होत नाही.

ग्रामसभेतही विषय घ्या, पण दुकानदाराला झोडपण्यासाठी नको. अन्नसुरक्षा कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात रेशनवर देखरेख ठेवणाऱ्या दक्षता समित्या आणि अठ्ठाविसाव्यात सामाजिक लेखापरीक्षण आहे. तुमच्या दुकानाची दक्षता समिती कोण आहे, ती शेवटची कधी बसली, एवढं सरपंचांना विचारा आणि इतिवृत्तात घ्यायला लावा. पुष्कळदा समितीत असलेल्या माणसालाच आपण समितीत असल्याचं तिथे पहिल्यांदा कळतं.

कार्ड एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं, असेल तर मात्र वरच्यातलं बरंच तुम्हाला लागू होत नाही. त्या धान्याला अन्नसुरक्षा कायद्याचा हक्क नाही, भत्ता नाही, तेहतिसावं कलमही नाही. केंद्र जेवढं जादा देईल त्यातून राज्य वाटतं, आणि तो आकडा खरोखरच कमीजास्त होतो. अशा वेळी तालुक्याच्या माणसाशी वाद घालू नका, त्याच्या हातात काही नसतं. पत्र सरळ पणजीला संचालकांच्या नावे टाका आणि एवढंच मागा: या महिन्यासाठी राज्याला किती मिळालं आणि ते तालुक्यांत कोणत्या आदेशाने वाटलं, त्या आदेशाची प्रत. दोन तालुक्यांत कार्डामागे वेगवेगळं वाटप दिसलं, तर पुढचं पत्र कसं लिहायचं ते तेव्हा सांगतो. तोवर कार्डाचा प्रकार कळवा, आणि पावतीवर वजन काय छापलंय तेही.